आडवे शब्द, उभे शब्द आणि माझा उजवा पाय

नाही नाही, पडलो नाही हो! सगळे आपले माझ्या पायाकडे बघतायत आणि मनात म्हणतायत, गेला असेल बाथरूममध्ये घसरून, या वयात जरा जपून नको का... अहो, पडायला माणूस निदान उभा तरी असावा लागतो! मी बसलो होतो. खुर्चीवर. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी, रविवारी सकाळी, तोंडातून चकार शब्द न काढता बसलो होतो आणि अंगठा मोडला. काय करताना? शब्दकोडं सोडवताना! हसा, हसा, खुशाल हसा. तुम्हाला सांगतो, क्रिकेट खेळताना मोडला असता तर लोक हळहळले असते, कोड्यात मोडला म्हटल्यावर काउंटरवरच्या त्या बाईंनीसुद्धा केसपेपर लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि मला आधी वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

आता आमच्या हिने निघताना बजावलंय, दवाखान्यात गप्प बसा, नंबर पुकारला की कळला पाहिजे. बसणारच आहे गप्प. आत गेलेला माणूस काही लवकर बाहेर येत नाही म्हणून आपलं दोन मिनिटं...

तर माझा धंदा म्हणजे मोटार शिकवणं. ड्रायव्हिंग स्कूल. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून समजावत आलो. क्लच दाबा, गिअर टाका, आरसा बघा, आरशात स्वतःला नाही हो, मागचं बघा! आता असं आहे, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत जो माणूस समजावतो, तो घरी आल्यावर काय तोंडाला कुलूप लावणार? नाही लागत. माझं नाही लागत. न्हाव्याकडे गेलो की कात्री कशी धरावी हे मी त्याला सांगतो. शेजारच्यांनी नवीन वॉशिंग मशीन आणलं, त्यांना पेटी उघडायच्या आधी मी मशीन समजावलं. माझ्याकडे ते मशीन नाही! कधी हातसुद्धा लावलेला नाही! कुणी विचारलं होतं? नाही. मी सांगितलं? सांगितलं!

आता आमची ही. ही औषधाच्या दुकानात आहे, फार्मसिस्ट. डॉक्टर लोक जे कागदावर किडे-मुंग्या सोडतात ना, ते ही वाचते, आणि वाचून गोळ्यासुद्धा बरोबर देते. अशा बाईला शब्दकोडं म्हणजे काय, डाव्या हातचा मळ! रविवारच्या पुरवणीत मोठं कोडं येतं, आम्ही लग्न झाल्यापासून ते दोघं मिळून सोडवतो. म्हणजे मी म्हणतो दोघं मिळून. ती म्हणते, "मी सोडवते, तुम्ही समजावता." तिने उत्तर लिहिलं रे लिहिलं की मी सुरू, हे उत्तर असं का आलं माहितीये का, यात गंमत अशी आहे की... अहो, तिनेच लिहिलेलं उत्तर मी तिलाच समजावतो! कुणी विचारलं होतं? नाही. पण मी सांगितलं. एकदा तर तिने अक्षर गिरवायच्या आतच सांगितलं.

आणि ही? नुसती पेनाचं टोपण लावायची, काढायची, लावायची, काढायची. मला वाटायचं, पेनाला काही झालंय. मी तिला टोपण कसं बसवायचं ते समजावलं.

आणि एका रविवारी मी चहाचे दोन कप घेऊन टेबलाशी येतो, तर टेबल रिकामं! पुरवणी नाही, पेन नाही, ही नाही. वरच्या मजल्यावर गेली होती, हंवाल्याकडे.

हंवाला कोण विचाराल तर... बरं, नाही विचारलंत, तरी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या डोक्यावर एक घड्याळदुरुस्तीवाला राहतो. एकटा. माणूस सज्जन, डोळ्याला ते भिंग लावून बसतो आणि आयुष्यात एकच शब्द बोलतो, "हं." आज उकडतंय नाही? "हं." पाणी आलं का? "हं." घराला आग लागलीये! "हं." म्हणून आम्ही त्याला हंवाला म्हणतो. तर ही खाली आली, हातात पूर्ण भरलेलं कोडं, चेहरा असा शांत, जसा माझ्याबरोबर कोडं सोडवल्यावर मी कधी बघितलेला नाही. म्हणाली, "किती छान सोडवून झालं हो! मी वाचायचं, तो म्हणायचा हं, मी लिहायचं, तो म्हणायचा हं. पुढच्या रविवारीही बोलावलंय."

तुम्हाला सांगतो, मी हसलो. वरवर हसलो. अहो, आठवडाभर ती दुकानात, मी रस्त्यावर, समोरासमोर निवांत बसायचा आमचा वेळ म्हणजे ते कोडं. ते गेलं की काय उरलं? दुधाचं बिल आणि गॅसचा नंबर. मला भीती वाटली, खरंच वाटली. लपवायचं काय त्यात?

मग मी सरळ हात टेकले. म्हटलं, एक संधी दे. ती म्हणाली, "एक रविवार. कोडं पूर्ण होईपर्यंत तुम्ही तोंडातून एक अवाक्षर काढायचं नाही. हं म्हणायला परवानगी आहे. समजावायला सुरुवात केलीत की पुरवणी उचलून मी वर, ती कायमची." म्हटलं, कबूल! आणि लगेच तिला सांगायला लागलो की गप्प बसणं हे मुळात श्वासावर कसं अवलंबून असतं...

कुणी विचारलं होतं?

जाऊ दे. तयारी करायची ठरवली. आणि हं म्हणायला शिकायचं तर गुरू कोण? हंवालाच! गेलो त्याच्या दुकानात. अहो, मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आज शिकाऊ म्हणून स्टुलावर बसलो. म्हटलं, "हे हं नेमकं म्हणायचं कसं?" त्याने भिंगातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हं." म्हटलं, "म्हणजे नाकातून की घशातून?" तो म्हणाला, "हं." मी म्हणून बघितलं, हं, आणि त्याच्यामागून आपोआप बाहेर आलं, "हं, पण यात गंमत अशी आहे की..." त्याने मान हलवली. पुन्हा म्हटलं, पुन्हा गंमत आली. माझ्या हंला शेपूटच आहे हो, तोडलं तरी फुटतं! शेवटी कंटाळून मी त्याला म्हटलं, ते स्क्रू उघडताना मनगट जरा सैल ठेवा, काम हलकं होतं. घड्याळजीला! स्क्रू! त्याने दुकानाचा दिवा बंद केला.

उजाडला रविवार. ही समोर, मी समोर, मध्ये पुरवणी. टेबल आमचं जुनं, खाली पायाशी एक आडवी लाकडी पट्टी आहे, ती लक्षात ठेवा. ही म्हणाली, "झाली सुरुवात." मी ओठ असे मिटले की चहा प्यायलासुद्धा जागा नाही.

आता कोडं कसं होतं ते ऐका. एका चौकटीत एक अक्षर, काना-मात्रा, वेलांटी, सगळ्यांसकट. आणि वर मथळा, 'जसे याल तसे जाल.' मथळा वाचला आणि माझ्या डोक्यात दिवाच लागला! सगळी उत्तरं उलट वाचली तरी तीच! डावीकडून या, उजवीकडून जा, शब्द तोच! अहो, इतकं सुंदर मर्म सापडलंय, समोर बायको बसलीये, तिला ते अजून दिसलेलं नाही, आणि मला बोलायचं नाही! वाफ कोंडलेल्या कुकरचं काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

पहिला आडवा शब्द. ही वाचते, "पाण्यावर पोट टेकून चालतं, पाय मात्र नाहीत. तीन अक्षरं. होडकं!" आणि 'हो' लिहायला पेन टेकवणार तेवढ्यात टेबलाखाली आवाज आला. धप!

हिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "हं." खरंच मला कळलं नव्हतं काय झालं. आता यात गंमत अशी आहे की, शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस चुकला की तोंडाच्या आधी माझा उजवा पाय जातो. डोक्याला विचारत नाही, परस्पर जातो! टॅक्सीत मागे बसलो तरी मी ब्रेक मारतो. सिनेमात गाडी कड्यावरून खाली जायला लागली तेव्हा मी असा ब्रेक मारला की पुढच्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला. तर बायको होडकं लिहायला निघाली, ते उलट वाचलं तर कंडहो! पायाने दाबला ब्रेक!

तिने पेन उचललं, विचार केला, म्हणाली, "मग जहाज?" पाय शांत. लिहिलं जहाज. मी मनात म्हटलं, वा, किती हुशार आहे!

दुसरा शब्द. "इतरांच्या चुका पुसता पुसता जीव झिजतो. तीन अक्षरं." ही एकदम खुलली. "अय्या, सोप्पंय! बायको!" धप!

"का हो?" ती म्हणाली, "बायकोचा जीव झिजत नाही?" अहो, मी बोललोच नव्हतो! मी बोललो असतो तर मी ऐकून घेतलं असतं! पाय बोलला आणि बोलणी मला! तिने माझ्याकडे बघत बघत, अगदी सावकाश लिहिलं, रबर. तीन चौकटी, अगदी चपखल. पण 'बायको'सुद्धा बसत होतं तीन चौकटींत, हे तिने मला जाता जाता ऐकवलंच.

मग टोमॅटो आला, मलम आला, नवीन आला, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की आज ही काहीतरी वेगळीच करतेय. पेन चौकटीवर धरायची, टेकवायची नाही, आणि मोठ्याने म्हणायची, "क?" धप. "ख?" धप. "ग?" धप. मला वाटलं, बिचारी अडलीये, अक्षरं चाचपतेय! माझ्या मनात आलं, बघा, हंवाल्याबरोबर सटासट सोडवते आणि माझ्यासमोर गोंधळते, म्हणजे दडपण येत असेल, आपण फार हुशार दिसत असू. तिकडे अंगठा पट्टीवर आपटून आपटून टोमॅटोसारखा झालेला. "च?" धप. "छ?" धप. "आणि... ज?" पाय शांत. "अस्सं," म्हणायची आणि लिहायची. गालातल्या गालात हसत होती, ते मला वाटलं प्रेम.

कळलं का तुम्हाला? तुम्हाला लगेच कळलं ना? मला नाही कळलं! मला वाटत होतं, मी आज कमाल केली, एक शब्द बोललो नाही. आणि ही माझ्या पायाकडून अख्खं कोडं वदवून घेत होती! न विचारता सांगतो म्हणून ज्या नवऱ्याला टाकायला निघाली, त्याच्या पायाला विचारत बसली होती!

राहिला शेवटचा उभा शब्द. ही वाचते, "दोघे जवळ आले की मधले गळून पडते." तीन अक्षरं. पहिलं आणि शेवटचं आडव्या शब्दांतून आपोआप आलेलं, स आणि स. मधलं हवं. मी डोक्याला ताण दिला. दोघे जवळ आले... मधले गळते... नळ? पाईप? काही म्हणजे काही सुचेना. हिने पेन धरलं. "सरस?" पाय गप्प. "समास?" पाय गप्प. ही टेबलाखाली वाकून बघायला लागली, पाय आहे ना जागेवर? पाय जागेवर होता, पण त्यालाच माहिती नव्हतं हो, तो काय सांगणार! मग तिने स्वतःच्या मनाने लिहिलं, समास. कोडं पूर्ण!

आणि मग तुम्हाला सांगतो... मग तिने पेनाला टोपण लावलं, पुरवणी बाजूला सारली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मला म्हणाली, अगदी मऊ आवाजात, "जिंकलात. एक अक्षर बोलला नाहीत. आता बोला. मला समास हे उत्तर वाटतंय बरोबर, पण ते का बरोबर, ते कळत नाही. सांगा ना समजावून."

सांगा ना! समजावून! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! अहो, हे दोन शब्द ऐकायला मी इतकी वर्षं जगलो! श्वास घेतला, बोट वर केलं, म्हटलं, "यात गंमत अशी आहे की..."

आणि पुढे काहीच येईना.

मला येतच नव्हतं हो! शाळेत समास शिकवला तेव्हा मी खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत होतो! ही माझ्याकडे बघतेय, आशेने बघतेय, बोट हवेत, तोंड उघडं... आणि मी घाबरून क्लच, ब्रेक, सगळं एकदम दाबलं. कटकन आवाज आला. पट्टी नाही मोडली. कुणी विचारलं होतं? हो! हिने विचारलं होतं! मी सांगितलं? नाही!

तिने आधी बर्फ लावला, फडकं गुंडाळलं, ते अगदी मायेने केलं. मग पुरवणी उचलली आणि म्हणाली, "येते हं, वर विचारून." मी तसाच बसलो, पाय स्टुलावर. म्हटलं, संपलं. गेला रविवार. आता तिथे तो हं म्हणेल आणि माझी मात्र दुधाच्या बिलावर बोळवण.

बराच वेळ झाला. बराच. वरून आवाज यायला लागला, पुरुषाचा आवाज, न थांबणारा. मी म्हटलं, रेडिओ असेल. शेवटी ही आली, पदराने वारा घेत, धाडकन खुर्चीत बसली.

"बाई गं!" म्हणाली. "काय बोलतो हो तो माणूस! मी आपलं विचारलं, समास का? तर तो म्हणाला, बसा. आधी समास म्हणजे काय, मग त्याचे प्रकार, मग प्रत्येक प्रकाराची उदाहरणं, मग कोड्यातले बाकीचे शब्द कसे आले ते, मग म्हणाला घड्याळातही असंच असतं आणि एक घड्याळ उघडलं. मी उठले की तो दारापर्यंत येऊन सांगतोय! आत कुठली स्प्रिंग होती कोण जाणे, सुटलीच!"

म्हटलं, "मग इतके दिवस हं का म्हणत होता?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, मला कधी कुणी 'का' असं विचारलंच नाही."

तुम्हाला सांगतो, मला त्याचं वाईटही वाटलं आणि मनातल्या मनात उकळ्याही फुटल्या. खोटं कशाला बोलू? ही माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "त्याच्यापेक्षा तुम्ही परवडलात. तुमचं सगळं मला निदान पाठ आहे. आणि तुमचा पाय कामाचा आहे." तेव्हा कुठे मला त्या क-ख-गचा उलगडा झाला! मी चिडणार होतो, खरंच चिडणार होतो, पण ती म्हणाली, "पुढच्या रविवारी पट्टीला उशी बांधू. बसा माझ्यासमोर." मग कसलं चिडायचं? डोळे भरून आले. अंगठाही दुखत होता, पण तो वेगळा.

मग ती म्हणाली, "आणि ते समासाचं, त्याने एवढं पुराण लावलं, त्यात मुद्दा एवढासाच होता. दोन शब्द जवळ आले की त्यांच्या मधले जोडणारे शब्द गळून पडतात. ते असले नसले तरी अर्थ कळतो. कळलं?"

आणि मी म्हटलं, "हं."

एवढंच. मागे शेपूट नाही, गंमत नाही, काही नाही. ही दोन क्षण थांबली, पुढचं यायची वाट बघत. आलंच नाही. मग तिने टोपण लावलेलं पेन माझ्या खिशाला लावलं आणि चहा टाकायला गेली. मी सुधारलो हो! त्या क्षणी सुधारलो. आता मी न विचारता कुणाला काही म्हणजे काही...

काय म्हणता बाई? कुणाचा नंबर? माझा? केव्हा पुकारला? दोनदा? आणि मी... अहो, मग मोठ्याने पुकारायचं ना! नाही, मोठ्यानेच पुकारला असेल. असेल. आता? सगळ्यांच्या शेवटी? बरं. बसतो. हिला सांगू नका म्हणजे झालं, तिचा फोन येईलच.

अरे, अर्धा बाक रिकामा झाला की! तुम्ही सगळे गेलात आत-बाहेर, मला पत्ता नाही. आणि हे नवीन गृहस्थ कोण? या, बसा, बसा ना माझ्याशेजारी, जागा आहे. हा पाय जरा सरकवतो...

नाही नाही, पडलो नाही हो!